तळटीप : ‘आयएफसीत काढून द्या’

३. ‘आयएफसीत काढून द्या’ : आयएफसी म्हणजे ‘इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस’. इमारतीच्या मॉडेलची ही खुली मांडणी कुणा सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीची नाही. ती बिल्डिंगस्मार्ट ही संस्था सांभाळते. २०१३ साली तिला आयएसओ १६७३९ हा मानक क्रमांक मिळाला. फिनलंडमध्ये सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या सेनाट्टीने तर २००७ पासूनच आपल्या प्रकल्पांत अशा फाइली मागायला सुरुवात केली होती.

मॉडेल आयएफसीत काढून देण्याचे काम लेखकाने ‘सेव्ह ॲज’इतके सोपे करून सांगितले आहे. ते तसे नाही. हे भाषांतरच आहे. आयएफसी फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. आत एकेक ओळ दिसते : हॅशचे चिन्ह नि आकडा, पुढे ‘आयएफसीवॉल’, मग २२ अक्षरांची ओळखखूण. ती भिंत कोणत्या मजल्यावरची, हे सांगायला वेगळी ओळ. रेव्हिट किंवा आर्किकॅड अशा मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधला कोणता घटक इथे कोणत्या नावाने जाणार, हे निर्यातीआधी ठरवावे लागते. ते राहून गेले, की हौसेने बनवलेले दार ‘प्रॉक्सी’ म्हणून जाते : पडद्यावर दिसते दारच, पण दारांच्या मोजणीत येत नाही. शिवाय भिंत सरकवली की खिडकीने सोबत सरकावे, असले नियम बहुधा मूळ फाइलीतच राहतात. वरच्या प्रसंगात आयएफसी परत आत घेऊन जिना दुरुस्त करण्याचा खटाटोप फसला, त्यात म्हणूनच नवल नाही. — संपा.