मुकुट, माणिक आणि पाण्याचा थेंब

आपल्या भाषेत 'कस लागणे' हा शब्दप्रयोग सोनाराच्या दुकानातून आला. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासावे आणि रेघेच्या रंगावरून त्याची शुद्धता ठरवावी, ही रीत फार जुनी. परंतु दगडावर उमटते ती वरच्या थराची साक्ष. आत काय दडले आहे, हे दागिना न मोडता कसे ओळखावे? या एका प्रश्नाने माणसाला शतकानुशतके कामाला लावले. आम्ही पदवीधर नव्हे, कामगारांच्या चळवळीत आमचे आयुष्य गेले. पण वजनमाप हा विषय मजुराला कधीच परका नसतो, म्हणून हा इतिहास सांगण्याचे धाडस करीत आहोत.

सिराक्यूजचा राजा हिएरो आणि त्याचा सोन्याचा मुकुट ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. सोनाराने चांदी मिसळल्याचा संशय आला, पण वजन तर बरोबर भरले. आर्किमिडीजने मुकुट काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवून सांडलेले पाणी मोजले आणि लबाडी उघडी पाडली. ही हकिकत लिहून ठेवली ती सुमारे दोनशे वर्षांनी, व्हिट्रूव्हियस या रोमन स्थापत्यकाराने.

आता आपण स्वतः हिशेब करून पाहू. एक घन सेंटिमीटर सोने 19.3 ग्रॅम भरते, चांदी 10.5 ग्रॅम. मुकुट 1000 ग्रॅमचा धरला, तर शुद्ध सोन्याचे घनफळ सुमारे 52 घन सेंटिमीटर होते. त्यात 300 ग्रॅम चांदी असेल, तर ते सुमारे 65 होते. वीस सेंटिमीटर रुंद तोंडाच्या भांड्यात या फरकाने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही हलत नाही. एवढ्यावर कोणाला चोर ठरवायचे?

ही शंका 1586 साली बावीस वर्षांच्या गॅलिलिओने घेतली. सांडलेले पाणी मोजण्याची रीत त्याला फार ढोबळ वाटली. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटते, हा नियम आर्किमिडीजचाच. मग वस्तू तराजूला टांगून पाण्यात का तोलू नये? आपल्या मुकुटाच्या उदाहरणात हा फरक 13 ग्रॅमांचा येतो, आणि तो साधा तराजूही दाखवील. गॅलिलिओने तराजूच्या दांडीवर बारीक तार गुंडाळली. वेढे इतके बारीक की डोळ्यांनी मोजता येईनात, तेव्हा त्यावरून टोकदार सळई फिरवून ते कानाने मोजण्याची युक्ती त्याने सांगितली. हा छोटा निबंध छापला गेला 1644 साली, त्याच्या मृत्यूनंतर.

परंतु याच्याही साडेपाचशे वर्षे आधी अल्-बिरूनीने हे काम केले होते. संस्कृत शिकून हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा तोच हा विद्वान. त्याने निमुळत्या गळ्याचे, बाजूला नळी असलेले भांडे बनवले. गळा अरुंद, म्हणून थोडे पाणी वाढले तरी पातळी ठळक चढते आणि जादा पाणी नळीतून पारड्यात पडते. त्याने धातू मोजले, तशीच रत्नेही मोजली. लहान वस्तूची अडचण येथे कळते. एक ग्रॅम माणकाचे घनफळ पाव घन सेंटिमीटर. त्याच्यासारखाच दिसणारा बदख्शानचा लाल तेवढ्याच वजनाचा घेतला, तर फरक पडतो पाण्याच्या अर्ध्या थेंबाचा. नळीला चिकटलेला एक थेंब किंवा खड्याला बिलगलेला हवेचा बुडबुडा सगळा निकाल फिरवतो. म्हणून पुष्कळ खडे एकदम घ्यावेत, पुन्हा पुन्हा मोजावे, पाणी एकाच जागचे वापरावे. पुढे 1121 च्या सुमारास मर्व्ह येथील अल्-खाझिनीने पाच पारड्यांच्या तराजूवर ग्रंथच लिहिला आणि त्यात बिरूनीची मापे जतन केली.

घनतेच्या कसोटीलाही मर्यादा आहे. टंगस्टनची घनता 19.25, म्हणजे जवळजवळ सोन्याइतकीच. त्याची लगड आत भरली तर पाणीही फसते. एका मापावर विसंबू नये, हा धडा विज्ञानाने असाच शिकवला.

आमच्या मनात मात्र तो सिराक्यूजचा सोनार घोळत राहतो. गोष्टीत राजा आहे, पंडित आहे. सोनाराची बाजू कोणी नोंदवलेली नाही. काटा राजाच्या हाती होता. ब्रिटनमधील कोळसा खाणकामगारांना वजनावर मजुरी मिळे आणि वजन करी मालकाचा माणूस. 1860 च्या कायद्याने त्यांना आपला स्वतःचा वजनदार काट्यापाशी नेमण्याचा हक्क मिळाला. मालकांनी तो टाळू पाहिला, म्हणून 1887 साली कायदा आणखी कडक करावा लागला. अर्ध्या थेंबाचा हिशेब ठेवणारे शास्त्र खरेच. पण ते न्याय देते तेव्हाच, जेव्हा ज्याचा माल तोलला जातो त्यालाही काट्यापाशी उभे राहून मोजणी तपासता येते.