इनुइट नाव कोणाचे?

कथा-कादंबऱ्यांतल्या इनुइट, म्हणजे आर्क्टिक प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या, नावांची चर्चा निघाली की एक मत हटकून पुढे येते. शब्दकोश उघडावा, नावाचा अर्थ सापडला आणि तो पात्राला शोभला तर नाव बरोबर. नाही तर लेखकाचा अभ्यास कच्चा. या मतामागची परक्या भाषेविषयीची आस्था खरी आहे. कसोटी मात्र चुकीची आहे.

इनुइट परंपरेत नाव येते ते माणसाकडून. आप्तांपैकी कोणी वारले की त्याचे नाव नव्या बाळाला देतात आणि त्याबरोबर त्याची नातीही बाळाकडे येतात. आजोबांचे नाव मिळालेल्या मुलीला तिची आईच ‘बाबा’ म्हणू शकते. मुलाचे नाव, मुलीचे नाव असा भेद जुन्या नावांत नाही. 1927 साली जन्मलेल्या चित्रकार केनोजुआक अशेवाक यांना आईच्या दिवंगत वडिलांचे नाव मिळाले होते. पिट्सिओलाक अशूना या केप डॉर्सेटच्या चित्रकर्ती आणि पीटर पिट्सिओलाक हे तिथलेच छायाचित्रकार. पिट्सिओलाक हा एक समुद्रपक्षी. त्याचे गुण या दोघांत शोधून हाती काय लागणार?

खुद्द इनुइट लेखकाचेच उदाहरण घेऊ. मार्कूसी पात्साउक यांची ‘हार्पून ऑफ द हंटर’ ही कादंबरी 1970 साली इंग्रजीत आली. तिच्या तरुण नायकाचे नाव कामिक. कामिक म्हणजे कातडी बूट! हेच नाव एखाद्या परक्या लेखकाने ठेवले असते तर शब्दकोशवाद्यांनी त्याला झोडपून काढले असते. धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात आपण धोंडा शोधतो का?

उलट ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा 1922 चा चित्रपट पाहा. त्यातल्या शिकाऱ्याचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक. पडद्यावर तो झाला नानूक, म्हणजे ध्रुवीय अस्वल. अर्थ अचूक, शिकाऱ्याला शोभणारा. फक्त ते त्याचे नाव नव्हते.

मग मनाला येईल ते नाव चालेल का? मुळीच नाही. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत मूळ स्वर अ, इ, उ हे तीनच. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद तेवढे होतात. अस्सल शब्दाच्या आरंभी जोडाक्षर येत नाही, आणि साधा ‘क’ व घशातून निघणारा ‘क’ हे वेगळे वर्ण आहेत. हे सांभाळायलाच हवे. पण इथेही कोश पुरत नाही. मिशनऱ्यांबरोबर बायबलमधली नावे आली आणि इनुइटांनी ती आपल्या उच्चारात बसवली: एलिझाबेथची इलिसापी झाली. आजच्या इनुइट नायिकेला हे नाव शंभर टक्के अस्सल आहे, आणि इनुक्टिटुटच्या कोशात त्याचा अर्थ मिळणार नाही.

या काटेकोरपणाला कारण आहे. कॅनडा सरकारने 1941 पासून इनुइटांना ओळखीसाठी क्रमांकाच्या चकत्या दिल्या. सरकारी दप्तरात माणूस त्या क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. पुढे 1968 ते 1971 या काळात एब ओकपिक या इनुइट कार्यकर्त्याने वस्त्या-वस्त्यांतून फिरून लोकांची आडनावे नोंदवली. ज्या समाजाने आपले नाव असे परत मिळवले, त्याच्या पात्रांना कोशातून उचललेला गोंडस अर्थ चिकटवणे हा अभ्यास नव्हे. लेखकांना विनंती एवढीच, की इनुइट पात्राला नाव देण्यापूर्वी ते त्याच्या घरातल्या कोणत्या दिवंगत माणसाचे आहे हे ठरवा. कोश त्यानंतर उघडा.