येऊरच्या डोंगरामागे सूर्य जातो कुठे?

घोडबंदर रोडवरील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून सायंकाळी पाहिले, तर सूर्य येऊरच्या डोंगरामागे उतरताना दिसतो. सकाळी तोच सूर्य नेमका विरुद्ध बाजूने, खाडीपलीकडील काल्हेर-कशेळीच्या दिशेने वर येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला या दृश्याचा अर्थ अगदी सरळ वाटतो. सूर्य दमला, डोंगरामागे झोपायला गेला. घरातील मोठी माणसेही बहुधा मान डोलावून मोकळी होतात. खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाने होते. डोंगरामागे झोपलेला सूर्य सकाळी खाडीकडून कसा उगवतो?

उत्तराची सुरुवात डोंगरापासूनच करावी. डोंगर हा केवळ आडोसा आहे. येऊरच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, मग बोरिवली, गोराई आणि त्यापुढे अरबी समुद्र. घोडबंदर रोडवरचे ऊन गेले तरी गोराईच्या किनाऱ्यावर ते काही काळ रेंगाळत असते. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावरील ऊन आधी जाते आणि वरच्या मजल्यावर ते काही मिनिटे अधिक टिकते. वर्तमानपत्रात छापलेली सूर्यास्ताची वेळ या परिसरातील अनुभवाशी जुळत नाही, त्याचे कारण हेच.

गोराईच्या समुद्रातही सूर्य बुडत नाही. तेथे तो दिसेनासा होतो तेव्हा पश्चिमेकडील मस्कतच्या आकाशात तो असतोच. तेथील सूर्यास्त साधारण तासाभराने होतो. ठाण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असताना न्यूयॉर्कमध्ये ऋतूनुसार सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. अमेरिकेतील मामाशी संगणकावर किंवा फोनवर समोरासमोर बोलणाऱ्या मुलाला त्याच्या खिडकीतील ऊन दाखवावे. सूर्य झोपलेला नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मग हलते ते काय? हलते ती पृथ्वी. ती स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि तिचा जो अर्धा भाग सूर्यासमोर येतो तेथे दिवस, उरलेल्या अर्ध्या भागात रात्र. हे मुलांना समजावण्यासाठी एक मोसंबे, एक टिकली आणि एक विजेरी पुरते. देठ वर राहील असे मोसंबे धरावे, मधोमध जरा वरच्या बाजूस टिकली लावावी. ते आपले ठाणे. खोलीत अंधार करून विजेरी टेबलावर स्थिर ठेवावी आणि वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोसंबे सावकाश फिरवावे. टिकली अंधारातून उजेडाच्या कडेवर आली की सकाळ, विजेरीसमोर आली की दुपार, दुसऱ्या कडेवर पोहोचली की संध्याकाळ. येथे एक चूक हमखास होते. उत्साहाच्या भरात हात विजेरीच मोसंब्याभोवती फिरवू लागतो. तसे केले तरी टिकलीवर दिवस-रात्र होतात, पण समज मात्र चुकीची रुजते.

पृथ्वी फिरते तर आपण गरगरत का नाही, हा त्यापुढचा प्रश्न. ठाण्याच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर आहे. पण तो एकसारखा असतो, त्याला धक्के नसतात. शिवाय जमीन, झाडे, इमारती आणि हवा सारेच आपल्याबरोबर फिरत असते. माजिवड्याहून गायमुखकडे निघालेल्या बसमधून (रस्ता मोकळा असेल तर!) बाहेरच्या इमारती मागे पळताना दिसतात. पळत असते ती बस. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील 'आर्यभटीय' ग्रंथात बसऐवजी नावेचा दाखला दिला होता. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरील स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, तसेच आकाशातील ताऱ्यांचे, असे त्याचे म्हणणे होते.

पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. जे गाव पूर्वेला, तेथे सूर्य आधी. कल्याण घोडबंदर रोडच्या किंचित पूर्वेला असल्याने तेथे सूर्य सुमारे ४० सेकंद आधी उगवायला हवा. नागपूर आणि ठाणे यांच्यात हे अंतर साधारण २५ मिनिटांचे आहे. जुन्या कालगणनेत अहोरात्राच्या ६० घटिका मानत आणि एक घटिका २४ मिनिटांची असे. म्हणजे नागपूरचा सूर्य ठाण्याच्या जवळजवळ एक घटिका पुढे. प्रत्येक गावाने स्वतःच्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले तर रेल्वेचे वेळापत्रक कोसळेल. म्हणूनच १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि शहराने ती पुढेही अनेक वर्षे सोडली नाही.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने दिवस-रात्र नेहमी समान नसतात. ठाण्यात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. उगवतीची जागाही सरकते. मार्च व सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. जूनमध्ये तो तेथून सुमारे २५ अंश उत्तरेकडे, तर डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे गेलेला असतो. खाडीकडे तोंड असलेल्या घरात खिडकीच्या काचेवर महिन्यातून एकदा उगवतीची खूण केली, तर वर्षभरात ही सरक डोळ्यांना दिसते. खूण करताना उभे राहण्याची जागा मात्र तीच हवी.

मे महिन्याच्या मध्यावर आणखी एक गंमत गच्चीवर पाहता येते. त्या सुमारास एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. त्या वेळी घड्याळात बारा नव्हे, साधारण १२ वाजून ३५ मिनिटे झालेली असतात. हीच संधी जुलैच्या अखेरीस पुन्हा येते. पण तेव्हा येऊरवर ढग उतरलेले असतात.