राजस्मारक टपाल तिकिटे
राजस्मारक टपाल तिकिटे : राज्याभिषेक, राजविवाह, रौप्यमहोत्सव यांसारख्या राजघराण्याशी निगडित प्रसंगांच्या स्मरणार्थ मर्यादित काळापुरती काढण्यात येणारी तिकिटे. अनेक राजसत्ताक देशांत ती निघतात. तथापि ब्रिटनमधील या तिकिटांचा इतिहास विशेष लक्षणीय आहे. तेथे ज्या व्यक्तीची प्रतिमा तिकिटावर छापावयाची, त्याच व्यक्तीची संमती मिळाल्यावाचून ते छापले जात नाही.

या प्रथेचे मूळ पहिल्याच तिकिटात आढळते. ६ मे १८४० पासून चलनात आलेल्या ‘पेनी ब्लॅक’ तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचे मस्तकचित्र होते. ते विल्यम वायन याने घडविलेल्या एका स्मारकपदकावरून घेतले होते. देशाचे नाव तिकिटावर घातले नव्हते आणि ब्रिटिश तिकिटांवर ते पुढेही आले नाही. राजाचे मस्तक हीच देशाची खूण ठरली. त्यामुळे मस्तक किती मोठे असावे, ते कोठे बसवावे आणि कसे दिसावे, हे प्रश्न केवळ सौंदर्याचे राहिले नाहीत.

पाचवा जॉर्ज (कार. १९१०–३६) स्वतः नामांकित तिकीटसंग्राहक होता. युवराज असताना १९०४ मध्ये त्याने मॉरिशसचे एक दुर्मिळ तिकीट १,४५० पौंडांस विकत घेतले होते. त्याच्या कारकीर्दीतील पहिली तिकिटे (१९११) मात्र लोकांना आवडली नाहीत व स्वतः राजालाही रुचली नाहीत. ती लवकरच सुधारावी लागली. राजप्रतिमेतील लहानसा दोषही किती महाग पडतो, याचा अनुभव त्याच वर्षी भारतातही आला. नव्या रुपयावरील राजाच्या वस्त्रात कोरलेला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली आणि ते नाणे मागे घेऊन मुद्रा बदलण्यात आली.

ब्रिटनमध्ये पहिली स्मारक तिकिटे १९२४ साली वेम्बली येथील साम्राज्य-प्रदर्शनानिमित्त निघाली. राजप्रसंगाचे पहिले तिकीट मात्र १९३५ चे. पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी टपाल खात्याने चित्रकार व मुद्रणसंस्था यांच्याकडून आराखडे मागविले आणि त्यांतून बार्नेट फ्रीडमन या शिलामुद्रणकुशल चित्रकाराचा आराखडा निवडण्यात आला. तिकिटाचे चित्र प्रत्यक्ष आकाराच्या कित्येक पट मोठे काढतात व नंतर छायाचित्रणाने लहान करतात; म्हणून कागदावर सुबक वाटणारी नाजूक रेषा छपाईत नाहीशी होण्याचा धोका नेहमीच असतो. हॅरिसन अँड सन्स या मुद्रणालयाची पद्धत फोटोग्रॅव्हूरची होती. तीत चित्र तांब्याच्या सिलिंडरवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने उतरते व खळग्यांच्या खोलीनुसार शाई गडद वा फिकी उमटते. फ्रीडमनने छायाप्रकाशाची योजना याच गुणाचा उपयोग करून केली. त्या कामावर विल्यम कोल्डस्ट्रीम याने टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी द किंग्ज स्टँप (१९३५) हा लघुपट काढला असून त्याचे संगीत बेंजामिन ब्रिटन याचे आहे.

आराखडा पसंत झाला म्हणजे काम संपत नाही. नमुना-मुद्रिते काढतात, निरनिराळ्या रंगांत चाचण्या घेतात व निवडक नमुने राजापुढे ठेवतात. या टप्प्यावरील एक चूक प्रसिद्ध आहे. रौप्यमहोत्सवाच्या अडीच पेन्स तिकिटाचे प्रशियन निळ्या रंगातील चाचणीचे काही ताव चुकून नेहमीच्या तावांत मिसळले आणि त्यांतील तीन ताव, म्हणजे ३६० तिकिटे, उत्तर लंडनमधील एका टपाल कार्यालयात विकली गेली. नामंजूर झालेला हा रंग संग्राहकांना आज मंजूर रंगाहून कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.

याच प्रसंगी भारतात सात मूल्यांची माला निघाली. ती लंडनहून आली नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या नासिक येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ती छापण्यात आली. राजाच्या प्रतिमेबरोबर प्रत्येक तिकिटावर एकेक वास्तू होती. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. ही वास्तू याच राजाच्या १९११ मधील आगमनाचे स्मारक असल्याने ती निवड समर्पक म्हटली पाहिजे. आठ आण्यांच्या तिकिटावर मंडालेचा पॅगोडा होता, कारण ब्रह्मदेश तोवर भारतापासून वेगळा झाला नव्हता.

दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची चार तिकिटे ३ जून १९५३ रोजी निघाली. त्यांपैकी एका तिकिटाचा चित्रकार एडमंड ड्यूलॅक प्रकाशनापूर्वी काही दिवसच मरण पावला होता. या काळात वापरात असलेले राणीचे चित्र डॉरोथी वाइल्डिंगच्या छायाचित्रावरून घेतलेले होते. एकट्या तिकिटावर ते शोभे. पण शेजारी दुसरे चित्र आले की दोहोंचा मेळ बसेना आणि चित्रकारांस उरलेल्या जागेत विषय कोंबावा लागे. डेव्हिड जेंटलमन याने ही अडचण पोस्टमास्टर-जनरल अँथनी वेजवुड बेन यांच्याकडे मांडली व मस्तकच वगळावे असे सुचविले. प्रजासत्ताकवादी विचारांच्या बेन यांना ते पटले. १० मार्च १९६५ रोजी त्यांनी राजवाड्यात मस्तकविरहित आराखडे राणीला दाखविले. राणीने तेथे स्पष्ट नकार दिला नाही. परंतु पुढे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्यामार्फत राजवाड्याचा कल बेन यांना कळला व मस्तक राहिले. येथे बेन यांचा पराभव झाला हे खरे. जेंटलमनचा मात्र झाला नाही. मेरी गिलिकने नाण्यासाठी घडविलेल्या प्रतिमेवरून त्याने राणीची छोटी छायाकृती तयार केली. कोपऱ्यात बसणाऱ्या या आकृतीमुळे चित्राला सारा तिकीटभर जागा मिळाली.

पोस्टमास्टर-जनरलचे पद १९६९ मध्ये रद्द झाले व तिकिटांची जबाबदारी टपाल महामंडळाकडे आणि पुढे रॉयल मेलकडे आली. विषयांची संख्या पुष्कळ वाढली, सल्लागार समित्या आल्या. छपाईपूर्वी राजसंमती घेण्याची रीत मात्र टिकली. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणीचे निधन झाल्यावर तिसऱ्या चार्ल्सची प्रतिमा नव्याने मंजूर करून घ्यावी लागली. मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराच्या कृतीवरून केलेली नित्य तिकिटे एप्रिल २०२३ मध्ये विक्रीस आली. त्यांवर राजाच्या मस्तकी मुकुट नाही. त्यानंतर ६ मे २०२३ रोजी, राज्याभिषेकाच्याच दिवशी, चार स्मारक तिकिटे निघाली. त्यांची चित्रे अँड्र्यू डेव्हिडसन याने काष्ठकोरणीच्या जुन्या पद्धतीने केली होती.