काकडीचा वास आणि पाण्यावरचा तवंग

मासळीबाजारात येतो तो मेलेल्या माशाचा वास. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. स्वतः त्याला वास नाही. मासा मेला की जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तो ओळखीचा वशट दर्प सुटतो. नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या माशाला हा दर्प नसतो, म्हणून तर जाणते गिऱ्हाईक कल्ला उचलून आधी रंग पाहते आणि मग नाक जवळ नेते. जिवंत माशाचा वास निराळाच असतो. काही जातींत तो चिरलेल्या काकडीसारखा, काहींत कलिंगडासारखा, काहींत चुरगळलेल्या हिरव्या पाल्यासारखा येतो. मासे गरवणाऱ्यांनी नाकाचा उपयोग केला तो या दुसऱ्या वासासाठी, आणि त्याच्या नोंदी अठराशे वर्षांपर्यंत मागे जातात.

रोमजवळच्या प्रेनेस्टे गावचा एलियन हा लेखक ग्रीक भाषेत लिहीत असे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सांध्यावर लिहिलेल्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात त्याने उत्तर इटलीतल्या तिचीनो नदीतल्या ‘थिमॅलस’ माशाची हकीकत दिली आहे. थाइम या सुवासिक वनस्पतीवरून माशाला हे नाव पडले, ताज्या माशाला तिचाच वास येतो आणि हा मासा चिलटाखेरीज दुसऱ्या कोणत्याही आमिषाला तोंड लावत नाही, असे तो सांगतो. थाइम आपल्याकडे फारशी परिचित नसली तरी तिचा वास मराठी घराला परका नाही. तिच्यातले थायमॉल हे द्रव्य ओव्यातही असते. ओव्याचे फूल म्हणून मिळणारे पांढरे खडे ते हेच. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने सृष्टीच्या उत्पत्तीवरील प्रवचनांत याच माशाची फुलाशी तुलना करून स्तुती केली. तिचीनो नदी मिलानहून फार लांब नाही, तेव्हा त्याने हा मासा पाहिला असणे आणि खाल्लाही असणे अगदी शक्य आहे. पुढे प्राणिशास्त्रानेही या माशाच्या वंशाला थिमॅलस हेच नाव ठेवले. इंग्रजीत त्याला ग्रेलिंग म्हणतात.

इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे ‘द कंप्लीट अँगलर’ १६५३ मध्ये प्रथम छापले गेले. गळाने मासे धरण्याच्या छंदावरचे इतके वाचले गेलेले दुसरे पुस्तक नाही. ग्रेलिंग पाण्यातली थाइम खातो आणि पकडल्याबरोबर तिचा वास देतो, ही समजूत वॉल्टनने नोंदवली आणि तिच्या शेजारी आपल्या देशातला एक दाखला ठेवला: ताज्या स्मेल्ट माशाला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो असे लोक म्हणतात आणि ते त्याला खरे वाटते. पुढच्या तीनशे वर्षांत ग्रेलिंगच्या थाइमवर गरवणाऱ्यांचे एकमत झाले नाही. कुणाला तो वास थाइमचा वाटला, कुणाला काकडीचा, कुणाला काहीच जाणवला नाही. स्मेल्टबद्दल वॉल्टन जे बोलला त्याला मात्र रसायनशास्त्राने पुष्टी दिली. ती हकीकत पुढे येईलच.

स्मेल्ट हा वीतभर लांबीचा चंदेरी मासा. त्याच्या वंशाचे ऑस्मेरस हे शास्त्रीय नाव ‘वास’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. रशियात त्याला कोर्युश्का म्हणतात. वसंतात बर्फ वितळले की फिनलंडच्या आखातातून हे मासे अंडी घालायला नेवा नदीत चढतात आणि सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर पेट्याच्या पेट्या विकायला येतात. तेव्हा पेटीजवळून जाणाऱ्याला मासळीचा नव्हे, ताज्या काकडीचा वास येतो. पीटर्सबर्गच्या माणसाला वसंत आल्याची खूण म्हणून हा वास पुरतो, आणि मे महिन्यात तिथे या माशाचा उत्सवही भरतो. दक्षिण गोलार्धातही काकडीच्या वासाचा मासा आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या आणि टास्मानियातल्या नद्यांमधल्या एका माशाला युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी ‘काकडी-मासा’ असेच नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकात तिथे तो हौसेने गरवला जाई. आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते आणि त्याला पकडायला बंदी आहे. त्याचा सख्खा भाऊबंद असलेला न्यूझीलंडमधला मासा तर नाहीसाच झाला. १९५१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा वाचवायला एकही मासा उरला नव्हता. ही चुकामूक वाचताना आजही वाईट वाटते.

या सगळ्या नोंदींत एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एलियन, अँब्रोज आणि वॉल्टन ज्या वासाबद्दल लिहितात तो हातात आलेल्या माशाचा वास आहे. त्यावरून मासा कोणता हे कळते. तो पाण्यात कुठे आहे हे कळत नाही. ते कळायचे तर वासाने पाण्यातून वर येऊन वाऱ्यावर चढले पाहिजे, आणि हे काम करते तेल.

तेलाने पाणी शांत होते हे प्राचीन लोकांना माहीत होते. रोमन लेखक प्लिनीने ते लिहून ठेवले आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्ध्या एकरावरचे पाणी आरशासारखे झाले. त्याचा हा वृत्तांत १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. बर्म्यूडाचे कोळी भाल्याने मासे मारण्याआधी पाण्यावर थोडे तेल टाकतात, म्हणजे खालचे स्पष्ट दिसते, ही ऐकीव माहितीही त्याने त्यात दिली. त्याच वृत्तांतात निसर्गअभ्यासक थॉमस पेनंटचा एक दाखला आहे: सील पाण्याखाली तेलकट मासा फाडून खात असतो तेव्हा वरच्या लाटा विलक्षण गुळगुळीत होतात आणि त्या खुणेवरून कोळी सीलचा ठाव काढतात. पुढे अमेरिकेच्या किनाऱ्यावर मासे गरवणाऱ्यांनी जे केले त्याचे मर्म या एका वाक्यात आहे. खाणारा दिसत नाही, खाल्लेल्याचे तेल वर येते.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मेनहेडन नावाच्या माशाचे प्रचंड थवे फिरतात. हा हेरिंगच्या कुळातला, म्हणजे आपल्या तारलीचा नातेवाईक, आणि तारलीइतकाच तेलकट. एकोणिसाव्या शतकात मेन आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर त्याचे तेल गाळण्याचे कारखाने उभे राहिले होते. या थव्यांवर ब्लूफिश आणि स्ट्राइप्ड बास तुटून पडतात. ब्लूफिशचे दात सुरीसारखे. तो खातो त्याहून जास्त फाडून टाकतो. फाटलेल्या मेनहेडनचे तेल वर येते, लाटांवर गुळगुळीत चट्टा पडतो आणि वाऱ्याखाली उभ्या असलेल्या माणसाला काकडीचा नाहीतर कलिंगडाचा वास येतो. रात्री किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांना हा वास फार मोलाचा, कारण अंधारात चट्टा दिसत नाही आणि पाणपक्षीही मदतीला नसतात.

या विद्येची सर्वांत बारीक जाण टेक्सास आणि लुइझियानाच्या उथळ खाड्यांत आढळते. तिथला लाडका मासा स्पेकल्ड ट्राउट. नावात ट्राउट असले तरी तो आपल्याकडच्या घोळ-ढोम्यांच्या कुळातला आहे. त्यांचा थवा मेनहेडनवर किंवा कोळंबीवर ताव मारत असतो तेव्हा अधाशीपणाने खाल्लेले अर्धवट ओकतो आणि त्यातले तेल वर येते. गॅल्व्हस्टनच्या किंवा बॅफिनच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला गरवणारा वाऱ्याकडे तोंड करून नाकाने टेहळणी करतो. ताज्या फोडलेल्या कलिंगडाचा वास आला की वास येतो त्या दिशेला चकाकणारा तवंग शोधायचा. तवंग ताटाएवढा असेल तर तो आत्ताच फुटला आहे आणि मासा त्याच्या जवळपासच आहे. तो अंगणाएवढा पसरला असेल तर त्याला बराच वेळ झाला. वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने त्याला वाहून नेले आहे, तेव्हा गळ तवंगात न टाकता जिकडून तो वाहत आला त्या बाजूला टाकायचा. एकामागून एक लहान तवंग फुटत असतील तर थवा कुठे सरकतो आहे हेही समजते. तवंग पाहून धावत सुटणारे पुष्कळ असतात. वास घेऊन मगच पाय उचलणारे थोडे, कारण समुद्री शिंगाळ्याच्या जातीचे मासेही तवंग सोडतात आणि तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातूनही तेल वर येते. त्यांना कलिंगडाचा गोडसर वास नसतो, उग्र किंवा चिखलट असतो.

हा वास येतो कशाने, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले डेव्हिड जोसेफसन आणि रॉबर्ट लिंडसे यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये ताज्या व्हाइटफिश माशाच्या वासातली द्रव्ये वेगळी करून दाखवली. माशाच्या चरबीत लांब साखळीची बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. कातडीतली आणि कल्ल्यांतली लायपॉक्सिजनेज वितंचके ती तोडतात आणि आठ व नऊ कार्बनांचे अल्डिहाइड आणि अल्कोहोल तयार होतात. त्यांतले काही अळंब्यांसारखे वास देतात, काही काकडीसारखे. काकडी चिरल्यावर दरवळतो तो वासही याच मार्गाने जन्मतो: पेशी फुटतात, वितंचक मेदाम्लापर्यंत पोहोचते आणि नोनाडायनल नावाचा नऊ कार्बनांचा अल्डिहाइड बाहेर पडतो. कलिंगडाच्या वासातही नऊ कार्बनांच्या याच घराण्यातली द्रव्ये असतात. म्हणजे मासा आणि काकडी यांचा वास ‘सारखा’ नाही, एकच आहे. याच नोनाडायनलला अत्तरांच्या धंद्यात व्हायोलेटच्या पानांचा अल्डिहाइड म्हणतात, कारण तो त्या पानांतही सापडतो. स्मेल्टच्या पाटीवर वाकलेल्या ज्या इंग्रज नाकांना व्हायोलेट आठवले, त्यांनी फूल आणि पान यांत एवढासाच घोटाळा केला होता. झाड त्यांनी बरोबर ओळखले होते.

माणसाचे नाक या द्रव्याच्या बाबतीत कमालीचे तिखट आहे. पाण्यात एक अब्जांश भागाहूनही कमी नोनाडायनल असला तरी तो जाणवतो. पण हाच तिखटपणा फसवूही शकतो. सिन्युरा नावाचे सोनेरी शेवाळ गोड्या पाण्यात वाढले तर तेही हेच द्रव्य सोडते आणि पिण्याच्या पाण्याला काकडीचा वास आल्याच्या तक्रारी पाणीपुरवठा खात्याकडे येतात. अशा तलावावर निव्वळ नाकावर विसंबून गळ टाकणारा दिवसाअखेर रिकाम्या हाताने परतेल.

दिशेचा प्रश्न आणखी अवघड. २००७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांचे डोळे आणि कान झाकून त्यांना गवतावर ओढलेल्या चॉकलेटच्या वासाच्या रेघेवरून रांगायला लावले, आणि ३२ पैकी दोन तृतीयांश जणांना ती रेघ धरून पुढे जाता आले. जमिनीला नाक लावून हे साधते. पाण्यावर मात्र वास वाऱ्याबरोबर तुटक तुटक येतो, क्षणभर येतो आणि जातो. शिवाय नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांत सरावते. बोटीत पेट्रोल किंवा तंबाखूचा धूर असेल तर तेवढेही मिळत नाही. म्हणून अनुभवी गरवणाऱ्याला वासाकडून फक्त ‘इथे काहीतरी आहे’ एवढीच बातमी हवी असते. नेमकी जागा तो वारा आणि तवंग पाहून ठरवतो.

दूरच्या समुद्रात हे काम पक्षी माणसाहून कितीतरी चांगले करतात. समुद्रातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक खाल्ले जात असताना डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो; किनाऱ्यावर गेल्याबरोबर जो ‘समुद्राचा वास’ येतो त्यातही त्याचा वाटा आहे. अंटार्क्टिक समुद्रातले पेट्रेल जातीचे काही पक्षी या वायूच्या मागाने भक्ष्य शोधतात, हे गॅब्रिएल नेव्हिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. घिरट्या घालणारे पक्षी पाहून होडी वळवणे ही साऱ्या जगातल्या कोळ्यांची रीत आहे. जिथे ते पक्षी वासावर आलेले असतात तिथे कोळी नकळत त्यांच्याच नाकावर विसंबतो.

व्यापारी मासेमारीत नाकाचे महत्त्व ध्वनियंत्रांनी संपवले. नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनी १९३५ मध्ये लोफोटेनच्या समुद्रातल्या कॉड माशांचे थवे प्रतिध्वनीच्या कागदावर उमटलेले दाखवले. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासे शोधण्याचे यंत्र बाजारात आणले. आज लहान बोटींवरही असे यंत्र असते आणि त्याच्या पडद्यावर थव्याची खोलीसुद्धा वाचता येते. मात्र हे यंत्र ध्वनी सरळ खाली सोडते, त्यामुळे त्याला पायाखाली पाणी लागते आणि बोट लागते. टेक्सासच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात पायांनी चालत जाणाऱ्याजवळ यांतले काही नसते. तो आजही थांबतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि कलिंगडाच्या वासाची वाट पाहतो.