दोष माणसाचा की पद्धतीचा? – कार्यपद्धती-सुधारणेचे शास्त्र

आमचे बहुसंख्य भाविक व सभासद नोकरी-व्यवसायानिमित्त कारखाने, बँका, रुग्णालये अथवा शासकीय कचेऱ्यांत कार्यरत आहेत. ‘कायझेन’, ‘फाइव्ह एस’, ‘सिक्स सिग्मा’ हे शब्द त्यांच्या कानांवर वारंवार पडत असतात. पुष्कळ ठिकाणी या शब्दांचे दर्शन भिंतीवरील फलकापुरते व चौकटीत बसविलेल्या प्रमाणपत्रापुरतेच घडते, आणि त्यामुळे या साऱ्याविषयी मनात किंचित उपहासाची भावना निर्माण होते. ही भावना सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि या पद्धतींच्या मुळाशी एक अत्यंत न्याय्य विचार आहे. त्याची ओळख करून द्यावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

या शास्त्राचा आरंभ अमेरिकेत दूरध्वनी यंत्रांच्या निर्मितीतून झाला. वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने मे १९२४ मध्ये आपल्या वरिष्ठांस एक पानाचे टिपण पाठविले व त्यात एक आलेख काढून दाखविला. तोच पुढे ‘नियंत्रण आलेख’ म्हणून विख्यात झाला. शूहार्टचे म्हणणे असे की, कोणत्याही कामात थोडाफार चढउतार असणारच. त्यातील काही चढउतार त्या कामाच्या रचनेतच मुरलेला असतो, तर काही एखाद्या विशेष कारणाने, म्हणजे यंत्र बिघडल्याने वा कच्चा माल बदलल्याने, उद्भवतो. या दोहोंची गल्लत केली की हानी होते. विशेष कारण शोधून दूर करता येते. परंतु रचनेतच असलेला चढउतार समोरच्या कामगारास दरडावून कमी होत नाही. त्यासाठी रचनाच बदलावी लागते, आणि तो अधिकार कामगाराकडे नसून व्यवस्थापनाकडे असतो. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतात येऊन गेले होते, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

हाच विचार एडवर्ड्स डेमिंग यांनी एका साध्या प्रयोगातून लोकांसमोर मांडला. पेटीत पांढरे व लाल मणी मिसळलेले असत. दर पाच मण्यांत एक लाल. ५० खळगे असलेली फळी पेटीत बुडवून मणी बाहेर काढावयाचे आणि लाल मणी म्हणजे सदोष माल, तो मुळीच येता कामा नये, असा ‘कामगारांना’ सक्त हुकूम. साहजिकच प्रत्येकाच्या फळीवर सरासरी दहाच्या आसपास लाल मणी येत. कोणाला सहा, कोणाला चौदा. डेमिंग सहावाल्याची वाहवा करीत, चौदावाल्याची हजेरी घेत, घोषणांचे फलक लावीत. पुढच्या फेरीत तोच सहावाला बारा मणी काढी! प्रेक्षक हसत, पण त्यांतील कित्येकांना आपल्याच कचेरीतील वार्षिक मूल्यमापन आठवत असणार. लाल मणी पेटीत कोणी घातले, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नसे.

१९५० साली डेमिंग यांनी जपानमध्ये व्याख्याने दिली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशातील उद्योगपतींनी ती मनापासून ऐकली, आणि १९५१ पासून तेथे त्यांच्या नावाने पारितोषिक देण्यास प्रारंभ झाला. भारतातील सुंदरम-क्लेटन या कंपनीने १९९८ मध्ये ते मिळविले. ‘योजना करा, थोड्या प्रमाणावर करून पाहा, परिणाम तपासा, मग कायम करा अथवा बदला’ हे जे चक्र डेमिंग यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचे मूळ त्यांनी स्वतः शूहार्टकडे दिले आहे. चार पायऱ्यांपैकी तिसरी, म्हणजे तपासण्याची, सर्वाधिक वगळली जाते. नवी पद्धत सुरू झाल्याची बैठक होते, छायाचित्रे निघतात. तीन महिन्यांनी तिचा परिणाम काय झाला हे पाहण्यासाठी बैठक होत नाही.

जपानमधील टोयोटा उद्योगात या विचाराला दुसरा प्रवाह येऊन मिळाला. साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागाची अशी व्यवस्था होती की, धागा तुटताच माग आपोआप थांबे व सदोष कापड विणले जात नसे. हेच तत्त्व पुढे मोटारनिर्मितीत आले. काही दोष दिसल्यास साध्या कामगारानेही दोरी ओढून सूचना द्यावी आणि गरज पडल्यास संपूर्ण साखळी थांबवावी, असा अधिकार त्याला देण्यात आला. ताइइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या श्रमाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, ताटकळणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा साठा, निरर्थक हालचाल आणि सदोष काम. आमच्या मते कचेरीच्या कामात यांपैकी ताटकळणे हेच सर्वांत मोठे आहे. एखाद्या अर्जावर प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे असते आणि तो तीन आठवडे या मेजावरून त्या मेजावर पडून राहतो. अशा वेळी कारकुनाने अधिक भराभर लिहिल्याने काय साधणार?

ओनो यांचे ‘पाच वेळा का’ हे साधनही असेच साधे आहे. यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण नव्हते. का नव्हते? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबले असते तर फ्यूज बदलून काम भागले असते व काही दिवसांनी पुन्हा उडाला असता. आमच्याकडे बहुधा दुसऱ्या ‘का’लाच ‘कोणी केले?’ हा प्रश्न मध्ये येतो आणि शोध तेथेच संपतो.

‘फाइव्ह एस’ म्हणजे सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु व शित्सुके, अर्थात नको ते काढणे, हवे ते जागच्या जागी ठेवणे, स्वच्छता, त्याची नियमित पद्धत आणि शिस्त. ज्या घरांतून देवघराची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी राहते, त्यांना याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

‘सिक्स सिग्मा’चा जन्म १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या अभियंत्याच्या कार्यातून झाला, १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकने तिचा मोठा प्रसार केला. दहा लाख संधींमागे ३.४ दोष, हे तिचे प्रसिद्ध प्रमाण होय. गणिताच्या काटेकोर हिशेबाने सहा सिग्मा म्हणजे याहूनही कितीतरी कमी दोष होतात; परंतु काळाच्या ओघात कोणतीही प्रक्रिया दीड सिग्मापर्यंत सरकू शकते असे गृहीत धरून हा आकडा काढलेला आहे. इतक्या अचूकतेचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे : एखादे काम वीस टप्प्यांतून जात असेल आणि प्रत्येक टप्पा शंभरांत नव्व्याण्णव वेळा बिनचूक होत असेल, तरी अखेरीस शंभरांपैकी सुमारे ८२ कामेच निर्दोष बाहेर पडतात. वीसही माणसे आपापल्या जागी उत्तम काम करीत असतात आणि तरीही ग्राहक तक्रार करतो!

या पद्धती कारखान्यांपुरत्याच आहेत असा समज असल्यास मिशिगन राज्यातील रुग्णालयांचा अनुभव पाहावा. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावतात. २००४ च्या सुमारास डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शंभरहून अधिक विभागांत पाच साध्या गोष्टींचा नियम लावला : हात धुणे, रुग्णास पूर्ण निर्जंतुक आवरण घालणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो मांडीतील शीर टाळणे व गरज संपताच नळी काढणे. यांतील एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. नवे होते ते एवढेच की, यादीतील पायरी चुकल्यास परिचारिकेने डॉक्टरांना तेथेच थांबवावे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळी असलेल्या दर १,००० दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. टोयोटातील कामगाराची दोरी ती हीच.

हैदराबाद येथील आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कामगारांनीच आठवड्यातून एकदा एकत्र बसून आपल्या कामातील अडचणी सोडवाव्यात, ही ‘गुणवत्ता मंडळां’ची जपानी कल्पना भारतात प्रथम रुजली ती १९८० च्या सुमारास रामचंद्रपुरम येथील ‘भेल’च्या कारखान्यात. पुढे १९८२ मध्ये या चळवळीची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, तिचे मुख्यालयही सिकंदराबाद येथेच आहे.

मग इतक्या ठिकाणी हे उपक्रम का मावळतात? आम्हांस दोन कारणे प्रमुख वाटतात. कामगाराने वेळ वाचविण्याची युक्ती सुचवावी आणि त्यामुळे त्याच्याच सोबत्याची नोकरी जावी, असे एकदा घडले की पुढे कोणीही तोंड उघडत नाही. दुसरे, चुकांची नोंद शिक्षेसाठी वापरली गेली की नोंदवह्या स्वच्छ होतात व चुका तशाच राहतात. डेमिंग यांनी आपल्या चौदा सूत्रांत भय नाहीसे करण्यास स्थान दिले ते याचसाठी.

ज्यांना आपल्या कचेरीत, दुकानात अथवा संस्थेच्या एखाद्या विभागात आरंभ करावयाचा आहे, त्यांनी मोठे नाव धारण करणारी योजना घेऊ नये. समजा, देणगी-पावत्यांत वरचेवर चुका होतात. प्रथम दोन आठवडे काहीही न बदलता केवळ नोंद करावी : नाव चुकले, रक्कम चुकली, तारीख राहिली, यांपैकी काय किती वेळा व दिवसाच्या कोणत्या वेळी. बहुतेक चुका एक-दोन प्रकारांतच एकवटलेल्या आढळतात. मग पावती लिहिणाऱ्यासच विचारून एकच बदल करावा, उदाहरणार्थ नाव देणगीदाराने स्वतः चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि पुन्हा दोन आठवडे तीच नोंद ठेवावी. समस्या, आजची स्थिती, कारण, बदल व परिणाम हे सर्व एका मोठ्या कागदावर मावते. टोयोटात ए-३ आकाराच्या एकाच कागदावर ते लिहिण्याची रीत आहे. नोंदीत चूक करणाऱ्याचे नाव लिहू नये, आणि कागद कपाटातील फायलीत न ठेवता ज्या मेजावर पावत्या लिहिल्या जातात त्याच्या समोर लावावा.