गतकाळाचे प्रवासी : ‘सिंहगड’ मूकपट आणि त्याचा प्रेक्षक

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील देवालयाविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. याच जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव देवासमोर कीर्तनास उभे राहिले असता त्यांना मागील बाजूस जाण्यास फर्माविण्यात आले. ते निमूटपणे मागे गेले, तेथे कीर्तन रंगले, आणि देवालयच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी ती कथा. दगडी देवालय फिरत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकास कोणी सांगावयास नको. परंतु शतकानुशतके ऐकणाऱ्यांना ते फिरलेले दिसत आले, ही गोष्टही इतिहासातलीच होय. प्रत्यक्ष घडलेले आणि घडले असे मनोमन वाटलेले, या दोहोंची दप्तरे निराळी ठेवावी लागतात. पण म्हणून दुसरे दप्तर फेकून देता येत नाही.

चित्रपटाच्या प्रेक्षकाचा इतिहास बहुतांशी या दुसऱ्या दप्तरात नोंदलेला असतो. चित्रपटाचा जन्म आणि काळात मागेपुढे जाण्याची कल्पना यांचा संबंधही मोठा नवलाचा आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची कालयंत्रावरील कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात रॉबर्ट पॉल या लंडनच्या यंत्रकाराने एका नव्या करमणुकीच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रेक्षकांस हलत्या मंचावर बसवावे, अंगावर वारा सोडावा, समोर चित्रे उमटवावीत, आणि आपण भूत-भविष्यात प्रवास करीत आहो असा त्यांस भास व्हावा, अशी त्याची योजना होती. ती कागदावरच राहिली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी आपली हलती चित्रे तिकीट लावून दाखविली, आणि ७ जुलै १८९६ रोजी ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात अवतरली. वेल्सच्या कादंबरीवरील प्रसिद्ध चित्रपट जॉर्ज पाल यांनी काढला तो पुढे १९६० साली. मराठी प्रेक्षकाने मात्र यंत्रावाचूनच गतकाळाचा प्रवास कितीतरी आधी आरंभिला होता.

याचे कारण त्याची तयारी आधीच झालेली होती. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा श्रोता गतकाळाची हकीकत ऐकत नसतो. तो त्या काळात जाऊन बसतो. हीच सवय घेऊन तो चित्रपटगृहात शिरला. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर श्रीराम प्रकट होताच प्रेक्षक पायांतील जोडे काढीत व हात जोडीत, असे सांगितले जाते. राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या होत्या, याने त्यांच्या भक्तीत काडीचाही उणेपणा आला नाही. बाबूराव पेंटर यांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’तील कीचकवध तर इतका खराखुरा वाटला की, तो भाग पुढे गाळावा लागला.

पुराणातून इतिहासात उतरण्याचे पुढले पाऊल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली ‘सिंहगड’ या मूकपटाने टाकले. त्यास आधार होता हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या १९०३ सालच्या कादंबरीचा. फेब्रुवारी १६७० मधील एका काळोख्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाण्याचा कडा चढून गड घेतला व देह ठेविला, ही घटना शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने घरोघरी पोचविलेली होतीच. हरिभाऊंनी तिला कथानकाची बांधणी दिली, कमलकुमारी या रजपूत स्त्रीचे पात्र गुंफले, आणि उदयभानूच्या पारिपत्यास वैयक्तिक सूडाची व शीलरक्षणाचीही धार आणिली.

पडद्यावर ही कथा आणण्यात मोठी अडचण होती ती रात्रीची. त्या काळचे चित्रण बहुतेक सूर्यप्रकाशावर अवलंबून असे, आणि ही तर रात्रीची लढाई. पेंटर यांनी तीसाठी कृत्रिम प्रकाशाचा अवलंब केला. भारतीय चित्रपटात हा प्रयोग नवा होता. कॅमेरा त्यांच्याच कारखान्यात घडलेला. शिवछत्रपतींची भूमिका स्वतः पेंटर यांची. आणि वृद्ध शेलारमामा रंगविला होता पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेल्या व्ही. शांताराम या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाने. चित्रे मुकी होती, तरी चित्रपटगृह मुके नसे. पडद्यासमोर पेटी-तबला चाले, आणि ज्यास अक्षरओळख असे तो पडद्यावरील मजकूर शेजाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवी. मूकपटाचा प्रेक्षक एकटा प्रवासी नव्हता. तो दिंडीतला वारकरी होता.

‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर बसविण्याची बुद्धी झाली, अशी कथा चित्रपटाच्या इतिहासांतून वारंवार येते. मुंबई इलाख्यातील या कराचा कायदा १९२३ सालचाच आहे, एवढे खरे. पण बंगालने असा कर १९२२ मध्येच बसविला होता. कायदा एका चित्रपटापायी होतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीसुद्धा ही कथा टिकून राहिली याला अर्थ आहे. तानाजीच्या दर्शनास सरकारनेही दाद दिली, निदान पैशांच्या भाषेत, असे लोकांस वाटले. औंढ्याच्या देवालयाप्रमाणे येथेही सांगणाऱ्यांनी एक भिंत आपल्या बाजूस फिरवून घेतली.

मग हा प्रेक्षक खरोखर कोणत्या काळात जाऊन आला? १६७० साली खासच नव्हे. कमलकुमारी ही कादंबरीकाराची निर्मिती. तानाजी पडल्यावर शिवरायांनी ते प्रसिद्ध उद्गार काढले व त्यावरून गडास सिंहगड नाव पडले, हेही कागदोपत्री टिकत नाही. कारण १६६३ सालच्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आढळते. प्रेक्षक गेला तो शाहिराने गायिलेल्या, कादंबरीकाराने रचलेल्या आणि चित्रकाराने उजळलेल्या १६७० मध्ये. इतिहासाच्या अभ्यासकाने ही गल्लत दाखवून दिलीच पाहिजे. तसे न केल्यास कल्पित पात्रांचे पुतळे उभे राहतील आणि खऱ्या माणसांचे कागद वाळवी खाईल.

परंतु एवढ्याने विषय संपत नाही. परक्या अमलाखालील माणूस तिकीट काढून जो काळ पाहण्यास जातो, तो केवळ कुतूहलाने नव्हे. आपल्यासारख्याच मावळ्यांनी एका रात्रीत कडा चढून गड घेतला होता, हे त्यास डोळ्यांनी पाहावयाचे असते. हे मर्म राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते. १९३० साली प्रभात कंपनीने शिवचरित्रावर काढलेल्या मूकपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरला रुचले नाही, आणि तो ‘उदयकाल’ या नावाने दाखवावा लागला. भूतकाळातील एक शब्द वर्तमानास जड झाला! पुढे १९३३ मध्ये प्रभातनेच आपट्यांच्या त्याच कादंबरीवर ‘सिंहगड’ बोलपट काढला, आणि दहा वर्षांपूर्वी ज्यांना केवळ पाहिले होते त्या वीरांचा आवाजही लोकांनी ऐकला.

‘सिंहगड’ मूकपट निघाला तेव्हा हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा मराठी नव्हती. गतकाळाशी नाते राखले ते कीर्तनाने, भजनाने आणि पोवाड्याने. तो मुलूख सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या साऱ्या तारखा पहिल्या दप्तरातल्या. त्यांत शंकेस जागा नाही. औंढ्यास आलेला यात्रेकरू मात्र त्या विचारीत नाही. तो देवालयाच्या मागील बाजूस जातो, आणि नामदेव कोठे उभे राहिले होते ती जागा विचारतो.